ताटाची डावी बाजू

"चटणी संपली का गं घरातली?"

सासूबाईंनी हे विचारलं तेव्हा चटणी त्यांच्या ताटात होती. लिंबाच्या फोडीखाली, चमचाभर, जवसाची, दहा मिनिटांपूर्वी मीच वाढलेली. तिच्याखाली काकडीची कोशिंबीर. मी चटणीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्या निवांतपणे उजवीकडच्या वांग्याच्या भाजीला पोळीचा तुकडा लावत होत्या.

"नाही, आहे की," मी म्हटलं.

"असेल तर ठेव जपून," त्या म्हणाल्या आणि त्यांनी आमटीची वाटी जवळ ओढली.

मी उठून आत गेले आणि ओट्यापाशी कोरडंच फडकं पिळत उभी राहिले.

मी यवतमाळची. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) मला शेजारी बसवून ताट वाढायला शिकवलं होतं. "आमच्याकडे ताटाला डावं-उजवं असतं, मृदुला. मीठ वर मध्यावर. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. हे चुकलं की मला जेवल्यासारखं वाटत नाही." तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवलेली बाई. माझ्या माहेरी सगळे पदार्थ एका ताटलीत एकमेकांच्या अंगावर रेलून बसायचे आणि कुणाचं काही बिघडायचं नाही. इथे मी दोन वर्षं वाढताना मनातल्या मनात दिशा म्हणत होते. आणि माझी जवसाची चटणी पहिल्यांदा चाखून आई म्हणाल्या होत्या, "पेंड छान जमलीय." म्हणजे म्हशीला घालतात ती.

तेव्हा त्या सोमवारी मला एवढंच कळलं, की ही चटणी मोजण्याच्या लायकीची नाही, असं आई सांगताहेत.

बरोबर पुढच्या सोमवारी माझी रजा संपत होती. मी ज्युनियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, तात्पुरत्या जागेवर. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, सोमवारी हजर नसलात तर दुसऱ्या बाई तयार आहेत. रेवा दहा महिन्यांची होती, रांगत होती, आणि ती दिवसभर आईंजवळ राहणार, हे तिच्या जन्माआधीच ठरलं होतं. आईंनीच ठरवलं होतं. "शिकलीस कशाला मग?" असं त्यांनी मला विचारलं होतं, आणि ते प्रेमानंच विचारलं होतं.

मंगळवारी मी त्यांच्या पद्धतीची शेंगदाण्याची चटणी केली. लसूण त्यांच्या प्रमाणात, तिखट त्यांच्या डब्यातलं. ताट वाढलं. आई जेवल्या. चटणीला बोट लागलं नाही.

"दोन दिवस झाले," ताट सारताना त्या म्हणाल्या. "डावी बाजू कोरडीच. मीठसुद्धा नाही. मी काही बोलत नाही."

"आई, सगळं ताटात आहे."

"हो का?" त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत राग नव्हता. दुखावल्यासारखं काहीतरी होतं. "बरं. आहे म्हणतेस तर आहे."

संध्याकाळी मी श्रीरंगला सांगितलं. माझा नवरा विमा कंपनीत आहे. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून घरी येतो, म्हणून त्याला घरात एकही नको असते.

"तुम्ही दोघी चटणीवरून भांडताय?"

"आम्ही भांडत नाहीये. ताटात असलेली चटणी नाही म्हणताहेत त्या."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"आज दुपारी त्यांनी सुईत दोरा ओवला. एका झटक्यात. माझ्यासमोर."

"मग टोमणा असेल," तो म्हणाला. "तू सोमवारपासून जाणार म्हणून आईला टेन्शन आलं असेल. रविवारी डोकं दुखतंय म्हणून दुपारभर झोपलीच होती ना. होईल नीट."

माझी एक वही होती. रेवा किती वाजता प्यायली, किती झोपली, शी कशी झाली, सगळं मी तिच्यात लिहायचे. श्रीरंग त्या वहीला रेवाचं रेशनकार्ड म्हणायचा. ती अजून माझ्याकडे आहे. रेवा आता सहावीत गेली आणि कधीमधी ती वाचून हसते. शेवटची पानं मात्र मी तिला दाखवलेली नाहीत. त्या मंगळवारी मी वही उलटी केली आणि मागून लिहायला सुरुवात केली. पहिली ओळ: चटणी, दोनदा. मीठही.

बुधवारी सकाळी कचरा बाहेर ठेवायला दार उघडलं तर उंबऱ्याशी आईंची रांगोळी. रोजचं आठ पाकळ्यांचं कमळ. उजवीकडच्या चार पाकळ्या रेखीव, गुलाबी रंग भरलेल्या, कडेला बारीक ठिपके. डावीकडे नुसती फरशी. मला वाटलं कुणाचा पाय पडला. वाकून पाहिलं तर पुसल्याची खूणही नव्हती.

"आई, रांगोळी अर्धी राहिली का?"

"कुठे? झाली की. चांगली आठ पाकळ्यांची काढलीय."

"घाईत होतात?"

"मला कसली घाई? घाई तुम्हाला." त्यांनी पेपर उघडला आणि थोड्या वेळानं मिटला. "हल्ली काय लिहितात कळत नाही. वाक्याला सुरुवातच नसते."

मी वहीत लिहिलं: रांगोळी. पेपर. मग बराच वेळ त्या चार नोंदींकडे बघत बसले. वनस्पतिशास्त्रात आम्हाला शिकवलं होतं, नमुना हातात आला की आधी नाव शोधू नका, आधी बघा. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक. कडा कशी आहे. मी आईंकडे तसं बघू लागले. त्यांच्या केसांना उजवीकडे तेल होतं, डावीकडचे कोरडे आणि विस्कटलेले. हाक मारली तर त्या आधी उजवीकडे वळायच्या, मी कुठेही असले तरी. दारातून आत येताना डावा खांदा चौकटीला घासला. त्यांनी चौकटीकडे पाहिलंही नाही. चटणीचा राग आता कुठल्या कुठे गेला होता. त्याच्या जागी जे आलं होतं ते कुतूहलच होतं, आणि मला त्या कुतूहलाची भीती वाटत होती.

गुरुवारी दुपारी रेवाला झोपवून मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. परत आले तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर विळी घेऊन बसल्या होत्या, दुधी चिरत. रेवा उठली होती. खाटेवरून कशी उतरली कुणास ठाऊक, पण उतरली होती, आणि रांगत रांगत आईंच्या डाव्या गुडघ्यापाशी पोचली होती. तिचा एक हात आईंच्या मांडीवर होता. दुसरा विळीच्या पात्याकडे चालला होता.

"आऽऽ," रेवा म्हणाली.

"आली का माझी चिमणी?" आई म्हणाल्या आणि मान उजवीकडे वळवून दाराकडे बघू लागल्या. "कुठे लपलीस गं?"

मी काय केलं ते मला आठवत नाही. रेवा माझ्या कडेवर होती, ती रडत होती आणि माझा गुडघा ओट्याच्या कडेवर आपटून ठणकत होता, इतकंच आठवतं.

"का गं, उठली वाटतं?" आईंनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. "मग आणायची ना माझ्याजवळ."

"आई, तुमचं बोट."

"काय झालं बोटाला?"

त्यांच्या डाव्या अंगठ्यावर लांब चीर पडली होती. रक्त मनगटापर्यंत ओघळून वाळलं होतं. दुधीच्या फोडींवरही डाग होते. मी त्यांचा हात धरून त्यांच्या तोंडासमोर आणला, तेव्हा कुठे त्यांनी तो पाहिला. दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसा पाहिला. "अगंबाई," त्या म्हणाल्या. "हे केव्हा?"

मी पट्टी बांधली. विळी माळ्यावर टाकली. संध्याकाळी श्रीरंग आला, त्याने चहा घेतला, रेवाला खांद्यावर घेऊन गॅलरीत फिरवलं. मी त्याला काही सांगितलं नाही.

शुक्रवारी तो ऑफिसला गेल्यावर मी एक क्षणही त्या दोघींच्या पाठीमागून हलले नाही. आई रेवाला खेळवत होत्या, गाणी म्हणत होत्या, "अडगुलं मडगुलं" म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे फुलायचं ते तसंच फुलत होतं. कुणी बाहेरून पाहिलं असतं तर म्हटलं असतं, नशीबवान आहे ही सून. रेवा उजवीकडे असली की आई तिच्या केसांतला धागासुद्धा काढायच्या. रेवा डावीकडे सरकली की आईंच्या लेखी ती घराबाहेर गेलेली असायची. त्या शांतपणे गाणं थांबवायच्या आणि मला विचारायच्या, "नेलीस का तिला?"

बारा वाजता मी ताट वाढलं. मुद्दाम सगळं वाढलं. चटणी, कोशिंबीर, लिंबू, डावीकडे एक पापडही. मधोमध भाताची मूद, वर वरण.

मी समोर बसून बघत राहिले. भाजी संपली. आमटी संपली. मग भात. आणि भात खाताना मूद मधोमध चिरल्यासारखी झाली. उजवी बाजू साफ, डावीकडे उभी भिंत. त्या भिंतीवरून वरण ओघळत होतं.

आईंनी हात थांबवला. "एक सांगू का, मृदुला? रागावू नकोस."

"सांगा."

"हल्ली तू कमी वाढतेस. पोट भरत नाही माझं. मागायची लाज वाटते गं, आपल्याच घरात."

मला सोमवारी-मंगळवारी जे टोमणे वाटले होते ते टोमणे नव्हते. ती बाई माझ्यासमोर अर्धपोटी उठत होती आणि वर गप्प बसून माझी अब्रू राखत होती.

मी हात पुढे केला, ताटाची कड धरली आणि ताट तिथल्या तिथे अर्धं फिरवलं.

आई ताटाकडे बघत राहिल्या.

"हे केव्हा वाढलंस?"

"आत्ताच."

"चटणी जवसाची आहे ना? आणि पापड. अगं मग आधी का नाही दिलंस?" त्या खाऊ लागल्या. भात संपवला, कोशिंबीर संपवली, चटणीचं बोट चाटलं. "आज बरी झालीय. पेंड नाही म्हणणार."

मी ताट उचललं, सिंकमध्ये ठेवलं आणि श्रीरंगच्या ऑफिसात फोन लावला.

श्रीरंग दोन वाजता आला, तोंड एवढंसं करून. "रेवाला काही झालंय का?"

"नाही. बस इथे. बोलू नकोस."

मी आईंना बशीत पोहे दिले, सगळ्या बशीभर पसरून. त्यांनी उजवे खाल्ले आणि बशी खाली ठेवली. मी श्रीरंगला खूण केली. तो मला म्हणाला, "काय?" मी बशी फिरवली.

"अजून आहेत वाटतं," आई म्हणाल्या आणि बशी पुन्हा उचलली.

श्रीरंगने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने रेवाचे चार ठोकळे उचलून आईंसमोर ओळीत मांडले. "आई, किती आहेत?"

"दोन. का रे?"

त्याने ठोकळ्यांची ओळ उजवीकडे सरकवली.

"चार," आई म्हणाल्या. "आता तू मला अंकगणित शिकवणार का?"

पाच वाजता आम्ही मिरजेला डॉक्टर मगदूमांकडे होतो. मेंदूचे डॉक्टर, पन्नाशीचे, सदऱ्याच्या खिशात तीन पेनं.

"बसा की, बाई," ते आईंना म्हणाले. "काय त्रास होतोय?"

"मला काही नाही. ह्या दोघांना होतोय."

"ह्यांना काय होतंय?"

"सून अर्धंच वाढते आणि मुलगा तिचीच बाजू घेतो."

डॉक्टरांनी न हसता ते लिहून घेतलं. मग समोर बसून त्यांनी दोन्ही हात पसरले आणि आईंना आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं. उजवीकडचं बोट हलवलं. "दिसलं," आई म्हणाल्या. डावीकडचं हलवलं. "दिसलं." दोन्ही एकदम हलवली.

"एक," आई म्हणाल्या. "इकडचं."

"बघा," डॉक्टर मला म्हणाले. "डोळा बघतोय. एकटं असलं तर डावंसुद्धा दिसतंय. उजवीकडं काही आलं की डावं गळतं." मग आईंना, "शाळेत काय शिकवायचा तुम्ही?"

"भूगोल."

"मग नकाशा काढा की महाराष्ट्राचा. पाठ असेल."

आई जरा हसल्या. पाठ काय, त्या फळ्याकडे पाठ करून काढू शकायच्या. त्यांनी पेन घेतलं आणि वरून सुरुवात केली. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीची खाली उतरलेली सोंड, मग नांदेडचा कोपरा, लातूर, उस्मानाबाद, सोलापूर. रेषा इतकी सराईत होती की मला त्यांचे विद्यार्थी दिसायला लागले. आत त्यांनी एक ठिपका दिला. "हे यवतमाळ. हिचं माहेर." आणि पेन खाली ठेवलं.

कागदाची डावी अर्धी बाजू कोरी होती. समुद्र नव्हता. कोकण नव्हतं. मुंबई, नाशिक, पुणं, काही नव्हतं.

"झाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाला."

"सांगली कुठं आहे, बाई, ह्याच्यात?"

आईंनी नकाशात पाहिलं. सोलापूरच्या आसपास बोट फिरवलं. कपाळाला आठी पडली. "असायला हवी," त्या म्हणाल्या. "कागद लहान आहे तुमचा."

श्रीरंगने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"राहू दे कागद," डॉक्टर म्हणाले. "डोळे मिटा. समजा, तुम्ही सातपुड्यावर उभ्या आहात. पाठीशी मध्य प्रदेश, तोंड दक्षिणेला. सगळा महाराष्ट्र समोर पसरलाय. आता सांगा, कुठले कुठले जिल्हे आहेत."

आईंनी डोळे मिटले आणि वर्गात उभ्या असल्यासारख्या सांगू लागल्या. "नंदुरबार. धुळे. नाशिक. ठाणे, मुंबई, रायगड. रत्नागिरी, सिंधुदुर्ग. इकडे पुणे, सातारा, कोल्हापूर, सांगली."

"सांगली सापडली की."

"हरवली कधी होती?" आई डोळे मिटूनच म्हणाल्या.

"आणि अजून?"

त्यांनी थोडा विचार केला. "नाही. एवढेच."

यवतमाळ गेलं होतं. नागपूर गेलं होतं. पाच मिनिटांपूर्वी स्वतःच्या हाताने काढलेला सगळा विदर्भ त्यांच्या डोक्यातून नाहीसा झाला होता, कारण आता तो डाव्या हाताला होता. खरं सांगते, त्या क्षणी मला वाईट वाटण्याआधी नवल वाटलं.

"म्हणजे नकाशा आत पूर्ण आहे," मी म्हटलं.

"पूर्ण आहे. पुसलेला नाही. पण जिकडं तोंड कराल, तिकडची डावी बाजू हाताला लागत नाही." डॉक्टरांनी स्वतःच्या उजव्या कानाच्या वर, जरा मागे, बोट ठेवलं. "ही जागा. इथलं रक्त अडलंय असं मला वाटतं. फोटोत कळेल. डोळे नुसतं आणून टाकायचं काम करतात. तिकडं लक्ष दे, तिकडं पण जग आहे, हे सांगणारं कोणीतरी आत लागतं. मेंदूचा डावा भाग बहुतेक उजवीकडंच लक्ष देतो. उजवा दोन्हीकडं देतो. म्हणून डावा बिघडला तर उजवा सांभाळून घेतो. उजवा बिघडला, तर डाव्या बाजूला वाली राहत नाही."

"पण मग त्यांना कळत कसं नाही? अर्धं जग गेलं तर माणसाला कळायला नको?"

"तुमच्या पाठीमागं आत्ता काय आहे?"

"भिंत. असेल."

"दिसत नाही म्हणून तिथं भोक पडल्यासारखं वाटतं? अंधार वाटतो?"

"नाही."

"त्यांनापण नाही वाटत."

आई सगळं ऐकत होत्या. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुम्ही हुशार आहात. पण मला काही झालेलं नाही."

"ते म्हणणंपण ह्याच आजारात येतं, बाई." मग त्यांनी श्रीरंगला विचारलं, "कधीपासून?"

रविवारची डोकेदुखी निघाली. रक्तदाबाच्या गोळ्या आईंनी दिवाळीपासून बंद केल्या होत्या, तेही निघालं. डॉक्टर म्हणाले, पहिल्या काही तासांत आला असतात तर गोष्ट वेगळी होती. आता सावकाश. पुष्कळांचं काही महिन्यांत बरंच भरून येतं, सगळ्यांचं येत नाही.

"घरात लक्षात कधी आलं?"

"आज दुपारी," श्रीरंग म्हणाला. "हिच्या आलं लक्षात."

मी रेवाची टोपी सारखी केली.

एमआरआयमध्ये तीच जागा निघाली, त्यांनी बोट ठेवलं होतं तीच. आईंना दाखल करून घेतलं.

रविवारी दुपारी मी रेवाला घेऊन आईंजवळ बसले होते. श्रीरंग औषधं आणायला खाली गेला होता. मी पिशवीतून कागद काढून मांडीवर ठेवून लिहीत होते.

"काय आहे ते?"

"प्राचार्यांना अर्ज."

"बघू."

मी दिला. त्या वाचू लागल्या, मोठ्याने, वर्गात वाचायच्या तशा. "कारणास्तव मी. हजर राहू शकत. माझ्या जागी. विनंती." त्यांनी कागद खाली केला. "हे काय लिहिलंयस? तूच वाच."

मी वाचला. घरगुती कारणास्तव मी उद्यापासून कामावर हजर राहू शकत नाही, माझ्या जागी अन्य व्यवस्था करावी ही विनंती.

"घरगुती म्हणजे मी," आई म्हणाल्या.

मी अर्जाची घडी घातली.

"मला खरंच सगळं दिसतंय, मृदुला. ही खोली, ती खिडकी, तू. मला काही कमी वाटत नाही. डॉक्टर सांगतात ते कळलं, पण पटत नाही. आणि ते म्हणतात, तुम्हाला पटण्याचा ह्यात काही उपयोग नाही." त्या उजव्या हाताने चादरीची कड सरळ करत राहिल्या. "तो विळीचा दिवस कुठला?"

मला वाटलं होतं त्या विसरल्या असतील. "गुरुवार."

"आणि श्रीरंगला सांगितलंस शुक्रवारी."

"हो."

"का?"

रेवा माझ्या बांगड्या ओढत होती. खोटं सांगायला पुष्कळ जागा होती. आईंना त्रास नको म्हणून, खात्री नव्हती म्हणून.

"सांगितलं असतं तर मला सोमवारी जाता आलं नसतं," मी म्हटलं. "गुरुवारी संध्याकाळी वाटलं, पट्टी बांधलीय, विळी वर टाकलीय, कदाचित चालून जाईल. पोळपाट-लाटणं उजवीकडे ठेवीन, रेवाला पाळण्यात ठेवून जाईन, शेजारच्यांना लक्ष ठेवायला सांगीन. मी वहीत यादीसुद्धा केली."

"तिला माझ्याजवळ ठेवून जाणार होतीस. माहीत असून."

"हो."

बाहेरच्या पॅसेजमध्ये कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेत होतं. मला वाटलं, आता त्या बोलतील ते मला जन्मभर पुरेल.

"बसव तिला," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"त्या बाजूला. जिकडे मला दिसत नाही म्हणतात तिकडे. तू धरून ठेव. मला बघायचंय."

मी खाटेला वळसा घालून पलीकडे गेले, रेवाला गादीवर आईंच्या डाव्या कुशीशी बसवलं आणि दोन्ही हातांनी तिची कंबर धरली. ती लगेच आईंच्या बांगडीशी खेळू लागली. आई समोर बघत होत्या. मग उजवीकडे पाहिलं, दाराकडे, मी आधी बसले होते त्या स्टुलाकडे.

"बसवलीस?"

"बसवली."

"खरं सांग."

"खरंच, आई. तुमच्या हाताशी आहे. बांगडी ओढतेय तुमची."

त्यांनी समोर पाहिलं. डोळे बारीक केले. कमळाची आठवी पाकळी मोजणाऱ्या बाईचा चेहरा मी त्या दिवशी इतक्या जवळून पाहिला. तिथे काहीच नव्हतं त्यांच्यासाठी, आणि काहीच नसल्याची जाणीवही नव्हती.

"नाही," त्या म्हणाल्या. "कुणी नाही तिथे." मग जरा थांबून, "पण तू म्हणतेस तर आहे."

त्यांनी उजवा हात उचलला आणि छातीवरून पलीकडे न्यायला लागल्या. मध्यावर आल्यावर हात थांबला.

"संपली खाट," त्या म्हणाल्या.

"नाही संपली. अजून आहे, आई. या पुढे."

हात वीतभर पुढे आला. पुन्हा थांबला. काठावरून पाण्यात पाय टाकताना थांबावा तसा.

"अजून?"

"अजून थोडं."

त्यांनी डोळे मिटले आणि हात पुढे केला.